एका हाळीत

पैलवान दुभाजकावर उभा होता. कण्हेरीच्या दोन झुडपांमधून त्याचं तांबडं तोंड तेवढं दिसत होतं. पलीकडचा अर्धा हायवे त्यानं कसाबसा ओलांडला होता, अलीकडचा अर्धा बाकी होता. आणि मोहोळजवळचा हा रस्ता सकाळी नऊला कधी रिकामा असतो होय? उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, एसट्या, सगळं धडाधडा चाललेलं.

धोंडिराम अलीकडच्या कडेला, आपल्या शेळ्यांच्या गोठ्यापुढं उभा होता. दोन दिवस बेपत्ता असलेलं कुत्रं आत्ता नजरेला पडलं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं छाती भरून घेतली, हाळी मारायला तोंड उघडलं, आणि मागनं आलेल्या नागूबाईनं त्याच्या तोंडावर हातच ठेवला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, बाईनं नवऱ्याला असा हात कधी लावला नव्हता. तोही शेणाचा.

"हाळी मारू नगा! काय बी झालं तरी मारू नगा!"

तेव्हा कुठं त्याला उमजलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण पैलवान एका हाळीत यायचा. धोंडिराम हे अख्ख्या बाजारात सांगत फिरायचा. पुढ्यातली भाकरी टाकून यायचा, बाभळीच्या काट्यांतनं यायचा, एकदा तर भरल्या कॅनॉलात उडी टाकून आला होता. वाटेत काय आहे, हे बघायचा नाहीच. "असलं कुत्रं दावा की तालुक्यात!" असं म्हणून हा मिशीवर हात फिरवायचा. आता बोला.

पलीकडच्या ढाब्यावर एक कुत्री माजावर आली होती, तिच्यामागं गेला होता तो. असं पळून जायची ही तिसरी खेप. सून सुकन्या सोलापुरात नोकरीला. तिनं सात रस्त्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात दोनदा तारीख घेतली होती. "मामा, वर्षाचा झाला की नसबंदी करून टाका म्हणतात डॉक्टर. आपला दीड वर्षाचा झाला." पहिल्या खेपेला धोंडिराम म्हणाला, "थांब गं, ऊस जाऊ दे." दुसऱ्या खेपेला म्हणाला, "थांब, गड्ड्याची जत्रा होऊ दे." खरं काय ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला भ्या वाटत होतं. कापल्यावर हा शेळ्यांत शेळीसारखा बसेल, आणि आपल्याकडं पहिल्यासारखा बघायचा नाही. बोकडं खच्ची करताना याच धोंडिरामाचा हात कधी थरथरला नव्हता, हे नागूबाईनं त्याला दहादा ऐकवलं होतं.

पैलवानानं मालकाला बघितलं. शेपूट हलायला लागली. पुढचा एक पाय खाली डांबरावर आला, तोच एक कंटेनर हॉर्न मारत त्याच्या नाकापुढनं गेला. कण्हेर सगळी हलली. पाय परत वर गेला.

धोंडिरामानं घाईनं हात वर केला. थांब, असा. पण मालकाचा हात वर झाला की भाकरीचा तुकडा येतो, एवढंच पैलवानाला माहीत. तो जागच्या जागी नाचायला लागला. ‘ये’ शिकवलं होतं, ‘धर’ शिकवलं होतं. ‘थांब’ कधी शिकवलंच नव्हतं.

"पाठ करा त्येच्याकडं," नागूबाई म्हणाली. "तुमाला बघून येतंय त्ये. गोठ्यात जावा. मी हाय हितं."

"आगं, पर..."

"जावा म्हणते न्हवं!"

त्यानं पाठ केली. गोठा वीस पावलांवर, पण पाय उचलेना. मागं गाड्यांचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि दर खेपेला त्याच्या काळजात धस्स व्हायचं. वळून बघायची सोय नव्हती. तो गोठ्याच्या मेढीच्या खांबापाशी पोचला आणि मागं करकचून ब्रेक लागला. लांबच्या लांब. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी आईवरनं शिवी घातली. मग काहीच नाही.

धोंडिरामानं मेढीला मिठी मारली. वळला नाही.

"नागे," तो म्हणाला, "हाय का गं?"

नागूबाई बोलेना.

"आगं, हाय का न्हाय?"

त्याच्या पोटरीला काहीतरी ओलं लागलं. पैलवानाचं नाक.

धोंडिराम खाली बसला. कुत्र्याचे पाय चाचपले, फासळ्या चाचपल्या. एक कान फाटला होता, तो ढाब्यावरच्या मारामारीतला. बाकी सगळं जागेवर. नागूबाई तोंडात पदर कोंबून आली. तिनं नुसती वीत पसरून दाखवली. चाक तेवढ्यावर थांबलं होतं.

"सुकन्याला फोन लाव," धोंडिराम म्हणाला. "म्हणावं, आजच. आत्ता निगतो."

तिनं लावला. बोलली, ऐकलं, हं हं म्हणाली. मग कुत्र्याकडं बघत राहिली.

"या म्हणती. डाक्टर हायती. पर..."

"पर काय?"

"केल्या केल्या कुत्रीची वढ जात न्हाय म्हणती. म्हैना तरी लागतोय. तवर बांधूनच ठिवा, म्हणती."

पलीकडं, ढाब्याच्या बाजूला, कुत्री भुंकली.

पैलवानाचे कान उभे राहिले. तो फाटलेलाही. धोंडिरामानं दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला आणि कानाशी तोंड नेलं.

"थांब," तो म्हणाला. "थांब रं बाबा. थांब."

पैलवान ओढतच होता. तो शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता.