बटणं आणायला

पिरॅमिड सेटचं कोष्टक लेकीने स्वतःच आखलं होतं. जिममध्ये बेंचवर आडवं पडून तीस किलोचा बार दहा वेळा उचलायचा, पस्तीस आठ वेळा, चाळीस सहा वेळा आणि शेवटी पंचेचाळीस फक्त दोनदा. तेव्हा तिच्या उशाशी उभे राहायचे तिचे बाबा, अगदीच काडी पैलवान शिंपी.

"बाबा, बार छातीवर अडकला तर उचलाल ना?" ती चिडवायची.

"हॅ! तो तर माझ्या डाव्या हातचा मळ."

हल्ली मात्र बाबांचं दुकान रोज दुपारी तासभर बंद असायचं. विचारलं की म्हणायचे, "बटणं आणायला गेलो होतो." एवढी बटणं लावतात तरी कशाला, म्हणून एक दिवस लेक गुपचूप त्यांच्या मागे गेली. बाबा दोन गल्ल्या सोडून भलत्याच जिममध्ये शिरले. तिने दारातून डोकावून पाहिलं, तर बाबा बेंचवर आडवे, चेहरा लालबुंद, बार छातीवर अडकलेला.

ट्रेनरने बार धरला. "काका, बास करा आता! या वयात एवढी कसली घाई?"

बाबा धापा टाकत म्हणाले, "मला कुठली घाई हो? पोरीने सोमवारपासून पाच किलो वाढवलेत."