दहा वर्षं टिकणारा कॉम्प्युटर

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि सोफ्यावर बसलं की कव्हर कुरकुरतं. आईचं म्हणणं, प्लास्टिक काढलं की वस्तू टिकत नाही. यावरून ऋतुराजदादा तिची रोज खेचतो. "आई, वस्तू वापरायला आणतो की देव्हाऱ्यात ठेवायला?"

त्याच दादाने एकेक पार्ट निवडून स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. त्याने गेम खेळायचे, मी गाणी रेकॉर्ड करायची आणि दहा वर्षं बघायला नको! पण गेम जरा रंगात आला की कॉम्प्युटर बंद. माझं गाणं आज संध्याकाळपर्यंत स्पर्धेला पाठवायचं होतं, तर मी अंतऱ्याला पोचले की पुन्हा बंद. दादाने आधी आईच्या मिक्सरवर खापर फोडलं, मग बिल्डिंगच्या वायरिंगवर. शेवटी वैतागून त्याने कॅबिनेट उघडलं. आत नुसता तवा तापलेला.

त्याने प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर सुटा करून उलटा धरला. जो भाग प्रोसेसरला टेकतो, त्याच्यावर कंपनीने लावलेलं पातळ प्लास्टिक तसंच होतं. त्यावर ठळक अक्षरांत 'बसवण्याआधी काढा' असं इंग्रजीत छापलेलंसुद्धा होतं.

आईने चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली,


"आणि लोक म्हणतात, हा बापावर गेलाय!"