महागाचं ऑइल

ह्यांना डायलिसिसला परभणीला न्यायची मोटारसायकल, ऑइल बदलायला ताडकळसच्या नागेश मिस्त्रीकडं उभी केली. हे तिथंच जुन्या टायरावर टेकले.

"मामी, साधं टाकू का सिंथेटिक?" नागेशनं विचारलं. "सिंथेटिक महाग हाय, पण सहा हजार किलोमीटर बघायचं काम न्हाई. साधं दोन हजाराला बदलावं लागतंय."

"साधंच टाक," हे म्हणाले.

"जलमभर चिंगूसपणा केला. आता गाडीला तरी बरं खाऊ घाला," मी म्हणाले.

"चिंगूसपणा न्हाई गं. आठवड्याला दोन खेपा. दोन हजार म्हणजे चार महिने. तेवढं पुरे. डॉक्टर तुला दाराआड सांगायलता, तवा मी जागाच होतो."

ती गोष्ट मी पोरांनाही कळू दिली नव्हती.

"डॉक्टरला लय कळतंय! नागेश, सिंथेटिकच टाक. आन पुढचं ऑइल कितीला बदलायचं, तो आकडा टाकीवर मोठा लिही. ह्यांना दिसला पायजे."

नागेशनं पांढऱ्या रंगात लिहिला. मग पोरगा ह्यांना दर खेपेहून घेऊन आला की मी दारातच विचारायची, "किती झाले?" हे मीटर वाचून सांगायचे.

तेराव्याला जेवायला आलेल्या नागेशनं अंगणातल्या गाडीचं तेल सवयीनं तपासलं.

"मामी, तेल अजून लय चांगलं हाय."

"काढ ते," मी म्हणाले. "साधं भर."