हाताची पाठ

आजारपणात वाचा गेली तेव्हापासून आजीने हातांची धास्तीच घेतली होती. कुणीही यायचं, तिला कुशीवर वळवायचं, तोंड पुसायचं, चमचा ओठांत सारायचं. सगळे करायचे मायेनेच, पण हात असा अचानक अंगावर आला की तिच्या काळजात धस्स व्हायचं. आज तर सकाळपासून तिने तोंडच उघडलं नव्हतं. सुपाची वाटी हातात धरून सून रडकुंडीला आली होती.

"घ्या ना हो आई, दोन घोट तरी!"

"आई, तू सरक बघू," नात म्हणाली.

ती पलंगाशी जमिनीवर बसली. आजीकडे थेट न बघता तिने आपल्या हाताची पाठ पुढे केली आणि नुसती थांबून राहिली. आजी बुचकळ्यात पडली. ही पोर काही मागतेय, की दाखवतेय? हातात तर काहीच नव्हतं! बऱ्याच वेळाने आजीने आपली बोटं हळूच त्या हातावर टेकवली. तेव्हा कुठे नातीने चमचा उचलला, आजीला दाखवला आणि पुन्हा थांबली.

"हे कुठे शिकलीस गं?"

"शाळेत. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. घाबरलेल्या कुत्र्याजवळ असंच जायचं."

"अगं भवाने! आजी काय कुत्रा आहे?"

"नाही गं. पण तिलाही बोलून सांगता येत नाही ना."

रागवावं की हसावं, आजीला काही कळेना. ते ठरेपर्यंत तिने तोंड उघडलं होतं.