दाराचे आकडे

"अहो, दाओनला सातव्या वर्षाच्या आत न्यूझीलंडला न्यायलाच हवं. नंतर इंग्रजीला जीभ वळत नाही," मिरानने नवऱ्याकडे पुन्हा टुमणं लावलं. मायलेकींनी तिकडे जायचं, सांगूकने सोलमध्ये राबायचं. कचेरीतल्या चोईनेही बायको-मुलीला असंच पाठवलं होतं. दोन वर्षांनी विमानतळावर बापाला बघताच पोरगी आईमागे लपली. ते ऐकल्यापासून सांगूक हा विषय टाळत होता.

आज साहेबांची बोलणी खाऊन तो पहिल्यांदाच दुपारी चारला निघाला. लेकीसाठी माशाच्या आकाराचा गरम गोड पाव घेतला. "यंदा नको," असं बायकोला ठणकावून सांगायचं ठरवून त्याने दाराच्या कुलपाचे आकडे दाबले.



आतून दाओन किंचाळली, "आई, चोर आला! या वेळेला तर आपल्याकडे कुणीच येत नाही!"