खिंडीच्या दारावरचा हुकूम

माझ्या इलिंकाचं लग्न ठरलं, त्याच वर्षी ती अंथरुणाला खिळली. आमच्या राज्यात जादूला बंदी होती. तरी माझा धाकटा भाऊ तोदेर सात डोंगर ओलांडून, अजगराच्या गुहेतून तिच्यासाठी जादूचं पाणी घेऊन आला. खिंडीत पहाऱ्यावर मीच होतो.

“दादा, तुझ्याच लेकीसाठी आणलंय. जाऊ दे की!”

“दारावर राजाचा हुकूम ठोकलाय.”

“आपल्यात वाचता कुणाला येतं?”

“वाचायचं काय त्यात? दरवर्षी तोच येतो.”

मी बुधला जमिनीवर रिकामा केला.

म्हातारपणी अक्षरं शिकलो. दारावर अजून त्या दिवशीचाच कागद होता.

 

बंदी उठवल्याचा.

इलिंका मी पाणी ओतलं त्याच वर्षी, द्राक्षं खुडायच्या आदल्या दिवशी वारली.