भरलेली खाण

श्रेयाने भरावातून वर काढलेल्या नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली आणि नळीच पेटली. ओढणीच्या आडोशाला बोटभर निळी ज्योत उभी राहिली. काडी विझली, तरी ज्योत ढळेना.

ती एकटीच हसली. निमगाव केतकीच्या बाहेरची ही जुनी दगडाची खाण. त्र्याण्णव साली रस्ता रुंद झाला, तेव्हा पाडलेली घरं-दुकानं इथंच आणून ओतली. विटा, गिलावा, कौलं. त्यांच्याबरोबर वासे, चौकटी, खोकी, सिमेंटच्या कागदी पिशव्या. वरून माती ओढली, झालं. शेजारच्या कालव्याच्या चारीचं पाणी पाच वर्षं आत मुरत राहिलं. अशा भरावातून हवेत किती गॅस सुटतो, याचा अंदाज बांधायला ती पुण्याहून आली होती. तिचे सर म्हणाले होते, राडारोडा म्हणजे दगडमाती, शून्य धर आणि मोकळी हो. पण लाकूड कुजतं ना सर, एवढंच ती म्हणाली होती.

खड्डा खणायला घेतलेल्या सोनबाचं मतही सरांसारखंच. मेंढरं विकल्यापासून तो विहिरींची कामं करायचा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, "ताई, इटा कधी पादत्यात का?" त्याची बायको सारजा पदर तोंडाला लावून हसली होती.

खड्डा भरावाच्या पलीकडच्या टोकाला होता. कुठल्या थरात लाकूड किती, ते त्यातून दिसणार होतं. तो आता दोन पुरुष खोल गेला होता, आणि श्रेयाला एकच धास्ती होती: खाली माणूस गुदमरला तर? सकाळी तिनं ती बोलून दाखवली. सोनबानं समजूत घातली. जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की त्यांच्यात आधी दोरीनं दिवा सोडतात. विझला, तर कुणी उतरत नाही. जळत राहिला, तर हवा चांगली. मग दिवा पुढं, माणूस मागं. बापजाद्यापासून पेवात आमचं माणूस गेलं न्हाय, असं तो म्हणाला. श्रेयाला पटलं. दिवा सोडल्याशिवाय उतरायचं नाही, आबा, असं तिनंच त्याला पुन्हा पुन्हा बजावलं आणि ती इकडं नळीपाशी आली.

भरावावरून सारजा येत होती. डोईवर रिकामं टोपलं, ओठांवर ओवी.

पेवाच्या पोटामंदी आधी उतरितो दिवा,
मागनं गं माझा धनी, काळजी कशाला जिवा.

श्रेयाला राहवेना. तिनं हाक मारली. "मावशी, बघा, तुमच्या विटा पेटल्या. गोबर गॅसचीच जात ही. आता सरांना शून्य खोडावं लागणार."

सारजा वाकली. ओढणीआडची ज्योत तिनं निरखून पाहिली. तिला फारसं नवल वाटलं नाही.

"आमचा दिवाबी असाच निळा झाला की," ती म्हणाली. "इझला तर न्हायच, उलट हातभर वाढला. मालक म्हणलं, लई झ्याक हवा हाय. दिवा घिऊनच उतरल्यात."

श्रेयाच्या हातून नळी सुटली. ती धावत सुटली. चपला मातीत राहिल्या, तळव्यांना कौलांचे तुकडे टोचत होते.

"आबा, दिवा विझवा," ती ओरडत होती. "दिवा विझवा, आबा."

खालून टिकावाचा एक घाव ऐकू आला, आणि भरदुपारी त्या खड्ड्यातून उजेड वर आला.